बांगड्या, मिशा आणि नेतृत्व



निवडणुकीचे दिवस आले की एक वाक्य आपल्या कानांवर हमखास पडते: ‘आम्ही काही हातांत बांगड्या भरलेल्या नाहीत!’ बोलणारा टाळ्या घेतो, ऐकणारे हसतात आणि समोर बसलेल्या शेकडो बायका, ज्यांच्या हातांत खरोखर बांगड्या आहेत, त्याही हसतात. या हसण्यामागे काय दडले आहे, याचा आज आपण शांतपणे अभ्यास करू या.

हे कोणा एका पक्षाचे दुखणे नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईतील सभेत बांगड्यांचा असाच उल्लेख केला. त्यावर आदित्य ठाकरे यांनी माफी मागण्यास सांगितले. सर्वांत कणखर असलेल्या स्त्रियाच बांगड्या घालतात, असे त्यांचे म्हणणे होते. मे 2022 मध्ये आरक्षणाच्या वादात चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला आणि टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. एप्रिल 2024 मध्ये बारामतीच्या निवडणुकीत शरद पवार यांनी मूळचे पवार आणि बाहेरून आलेले पवार असा भेद केला. तो रोख घरच्या सुनेकडे, सुनेत्रा पवार यांच्याकडे असल्याचे मानले गेले. नंतर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा त्यांनी केला. पक्ष वेगळे, प्रसंग वेगळे. परंतु तिन्ही वेळा लोकांना जे खटकले ते एकच: सार्वजनिक कामाचे अंगण पुरुषाचे आणि स्त्री तेथे पाहुणी, ही समजूत.

ही समजूत केवळ स्त्रियांना त्रास देते असेही नाही. जो पुरुष भांडणात आवाज चढवत नाही, सर्वांचे ऐकून घेतो, चूक झाली तर कबूल करतो, त्यालाही आपण ‘बायल्या’ म्हणतो. म्हणजे एकाच शब्दाने आपण दोघांचा अपमान करतो. स्त्री असणे हे कमीपणाचे आणि सौम्य असणेही कमीपणाचे!

आपल्या शहराची गोष्ट

नवी मुंबई महानगरपालिकेची स्थापना 1 जानेवारी 1992 रोजी झाली. त्याच वर्षी संसदेने 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती मंजूर केली व 1993 पासून देशभरातील ग्रामपंचायती आणि नगरपालिकांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. आपल्या महापालिकेची पहिली निवडणूक 1995 मध्ये झाली. म्हणजे या शहराच्या सभागृहात पहिल्या दिवसापासून स्त्रिया आहेत. 2011 मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. मे 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. मधली साडेपाच वर्षे शहरात प्रशासक होता, निवडून आलेले प्रतिनिधी नव्हते. निम्म्या जागांचा नियम मात्र कायम राहिला. आपल्याच भागातील बेलापूर विधानसभा मतदारसंघातून 2014, 2019 आणि 2024 अशा सलग तीन निवडणुकांत मंदा म्हात्रे निवडून आल्या. दुसरीकडे, 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यापासून एकाही स्त्रीला मुख्यमंत्रिपद मिळालेले नाही.

त्याही आधीची एक गोष्ट. सिडकोच्या इमारती उभ्या राहण्यापूर्वी येथे आगरी-कोळी गावे होती आणि आजही आहेत. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव. कोळी समाजात पुरुष होडी घेऊन पाण्यावर जातो. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचा व्यवहार बाईच्या हाती. भाव ती ठरवते, घासाघीस ती करते, उधारी ती लक्षात ठेवते आणि गिऱ्हाईक उर्मट झाले तर त्याला जागच्या जागी गप्पही तीच करते. तिच्या हातांत बांगड्या असतात. त्या बांगड्यांमुळे तिचा हिशेब चुकल्याचे कोणी ऐकले आहे काय? मासळी बाजारात आपण हे निमूटपणे मान्य करतो. सभागृहात तीच बाई उभी राहिली की मात्र विचारतो, हिला जमेल का?

आपल्यापैकी बरेच जण वसईहून, नगर-जालना-संभाजीनगरकडून, गोव्याहून पोटापाण्यासाठी येथे आलो. गावाकडचे अनुभव आपल्या सोबत आले. निवडून आलेली बाई आणि कारभार पाहणारा तिचा नवरा, हे चित्र आपण तेथेही पाहिले आणि येथेही पाहतो. प्रचाराच्या फलकावर बाईंचा फोटो आणि शेजारी तेवढाच मोठा त्यांच्या पतीचा! हा प्रकार इतका पसरला की त्याला आळा कसा घालावा हे ठरवण्यासाठी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला 2023 मध्ये समिती नेमावी लागली.

एका सरपंचाची परीक्षा

जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावात मनीषा रवींद्र पानपाटील 2021 साली सरपंच म्हणून निवडून आल्या. गावातील काही जणांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली की त्या सासूसोबत सरकारी जमिनीवरील घरात राहतात, म्हणून त्या अपात्र आहेत. आपण पती व मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला आणि उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. अखेर सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी त्यांना पद परत दिले. एक स्त्री सरपंच झाली आणि तिच्या निर्णयांप्रमाणे आपल्याला वागावे लागेल, हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीला इतक्या सहजपणे हटवणे ही साधी बाब नाही, हेही न्यायालयाने बजावले.

बंधु-भगिनींनो, या प्रकरणात कोणीही ‘बाई नको’ असे उघड लिहून दिले नव्हते. कागदावर विषय जमिनीचा होता. आपल्याकडेही असेच घडते. ‘त्या चांगल्या आहेत, पण जरा तापट आहेत.’ ‘त्या हुशार आहेत, पण घरची जबाबदारी आहे.’ तापट पुरुषाला आपण खंबीर म्हणतो आणि घरची जबाबदारी असलेल्या पुरुषाला कर्तबगार. बाईने कडक निर्णय घेतला तर ती पुरुषी, समजुतीने घेतला तर ती कमकुवत. दोन्हीकडून दरवाजा बंद.

एकच भाषण, दोन आवाज

हे केवळ मनाचे खेळ आहेत असे वाटू नये म्हणून एका अभ्यासाची माहिती देतो. पश्चिम बंगालमध्ये 1998 पासून एकतृतीयांश ग्रामपंचायतींचे प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचे सरपंचपद, पाळीपाळीने स्त्रियांसाठी राखून ठेवले जाऊ लागले. 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीरभूम जिल्ह्यात पाहणी केली. त्यांनी गावकऱ्यांना पुढाऱ्याचे एक भाषण ऐकवले. शब्द तेच, मुद्दे तेच. काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवले आणि काहींना स्त्रीच्या. ज्या गावांत कधीच स्त्री प्रधान झाली नव्हती तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील भाषणाला कमी गुण दिले. ज्या गावांनी स्त्री प्रधानाचा कारभार पाहिला होता तेथे हा फरक बराच पुसला गेला होता.

आणखी एक बाब दिसून आली. पहिल्यांदा प्रधान झालेल्या स्त्रियांचे काम वाईट नसतानाही लोकांनी त्यांना कमी लेखले. एखाद्या गावात दुसऱ्यांदा ती जागा राखीव झाली तेव्हा मात्र त्याच गावाची नजर बदललेली आढळली. पहिलीने काटे सोसले म्हणून दुसरीची वाट सोपी झाली. तेथील किशोरवयीन मुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या अपेक्षाही उंचावल्या. आपल्या मुली काय होऊ शकतात हे त्यांना कोणी भाषणातून सांगितले नव्हते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते.

आपल्या मराठी मुलखाला तर हा वाद नवा नाहीच. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्याच वर्षी पंडिता रमाबाई यांनी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले. त्याही पूर्वी अहिल्याबाई होळकर यांनी जवळपास तीन दशके राज्यकारभार केला. लोक त्यांना आठवतात ते न्यायासाठी, घाटांसाठी आणि विहिरींसाठी. त्यांना थोर ठरवण्यासाठी ‘पुरुषासारख्या’ म्हणण्याची गरज कोणाला पडत नाही.

पवित्र शास्त्र काय सांगते?

शास्ते या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात दबोरा भेटते. ती संदेष्टी आहे आणि इस्राएलचा न्यायनिवाडाही करते. लोक आपले तंटे घेऊन तिच्या झाडाखाली येतात. सेनापती बाराक तिला सांगतो की तू सोबत आलीस तरच मी लढाईला जाईन. बाराकाला त्यात लाज वाटत नाही. नव्या करारात इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या वीरांमध्ये त्याचे नाव घेतले आहे.

प्रभू येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात देवाच्या दयेविषयी बोलताना आधी हरवलेले मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगतो आणि लगेच हरवलेले नाणे शोधणाऱ्या बाईची. हातात काठी घेतलेला पुरुष आणि हातात दिवा व झाडू घेतलेली स्त्री, दोघेही देवाचे चित्र आहेत. यरुशलेमेसाठी शोक करताना तो स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो (मत्तय 23:37). ही उपमा देताना आपला अधिकार कमी होईल असे त्याला वाटले नाही.

संत पौलाचे पाहा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आपल्या सेवेचे वर्णन करतो. सातव्या ओवीत तो म्हणतो की आम्ही तुमच्यामध्ये लेकरांना सांभाळणाऱ्या आईसारखे होतो आणि अकराव्या ओवीत म्हणतो की बाप मुलांना बोध करतो तसे आम्ही वागलो. चार ओव्यांच्या अंतराने तोच प्रेषित आईही आहे आणि बापही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवातच तो किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करून करतो. पुनरुत्थानाची पहिली बातमी प्रेषितांना सांगण्याचे काम प्रभूने मरिया माग्दालियावर सोपवले. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा देण्यात आला.

आणि पुरुषांसाठी संत योसेफ. शुभवर्तमानात त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. पण संकट आले तेव्हा तो रात्रीच उठला, बाळाला आणि आईला घेऊन मिसर देशात गेला. मरियेची बदनामी होऊ नये म्हणून तो झटला. मिशीला पीळ न देताही पुरुष खंबीर असू शकतो, हे आपल्या मुलांना शिकवायचे असेल तर योसेफाहून चांगला आदर्श कोणता?

तेव्हा धैर्य पुरुषाचे आणि माया स्त्रीची, अशी वाटणी पवित्र शास्त्र करत नाही. दोन्ही पवित्र आत्म्याची दाने आहेत आणि तो ती कोणाला द्यायची हे कपडे पाहून ठरवत नाही. नेतृत्वाचे माप प्रभूने मार्कच्या दहाव्या अध्यायात ठरवून दिले आहे: परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यामध्ये तसे नसावे, ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे. योहानच्या तेराव्या अध्यायात त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या काळात पाय धुणे हे दासांचे काम होते, प्रतिष्ठित पुरुषाचे नव्हते. पेत्राला म्हणूनच ते सहन झाले नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. काही जण स्त्रियांची बाजू घेताना म्हणतात, बाई मायाळू असते, प्रामाणिक असते, म्हणून तिला निवडा. हेतू चांगला, पण मापाचा घोटाळा तोच. उद्या तिने मायाळूपणा बाजूला ठेवून एखादा कठोर पण न्याय्य निर्णय घेतला की आपणच तिला नावे ठेवणार. स्त्रीही भ्रष्ट असू शकते, पुरुषही मायाळू असू शकतो. कोणीही देवदूत म्हणून निवडून येत नाही, सेवक म्हणून निवडून येतो.

ख्रिस्तसभेची वाटचाल

कोणी विचारील, मग ख्रिस्तसभेत काय चालते? प्रश्न रास्त आहे. धर्मगुरूपदाची दीक्षा पुरुषांनाच दिली जाते, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये ती पुन्हा स्पष्ट केली. परंतु धर्मगुरूपद ही सेवा आहे, सत्ता नव्हे, असे पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या प्रबोधनपत्रात सांगितले आणि जेथे महत्त्वाचे निर्णय होतात तेथे स्त्रियांना अधिक स्थान मिळाले पाहिजे असा आग्रह धरला. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने 2010 मध्येच स्त्री-पुरुष समानतेविषयीचे आपले धोरण जाहीर केले. जानेवारी 2021 मध्ये वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांची अधिकृत नेमणूक स्त्रियांनाही खुली झाली. जानेवारी 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला या व्हॅटिकनच्या एका प्रमुख खात्याच्या प्रीफेक्ट झाल्या. असे पद मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. त्याच वर्षी मार्चमध्ये सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी यांनी व्हॅटिकन नगरराज्याच्या प्रशासनाची सूत्रे हाती घेतली.

जे काम प्रापंचिकांसाठी खुले आहे ते स्त्रियांसाठीही खुले आहे. तेथे अडसर असेल तर तो शिकवणीचा नसून आपल्या सवयीचा आहे.

आपल्या दारात

आता स्वतःकडे पाहू या. रविवारी चर्चमध्ये फुले कोण लावते, मुलांना धर्मशिक्षण कोण देते, आजाऱ्यांच्या घरी कोण जाते, लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेचा निरोप दारोदार कोण पोहोचवते? बहुतेक भगिनी. सभेचा अध्यक्ष कोण, हिशेब कोणाकडे, बांधकाम समितीत कोण? येथे उत्तर बदलते. सभा रात्री आठला ठेवायची आणि मग बायका येत नाहीत म्हणून तक्रार करायची, हेही आपण करतो. एखादी भगिनी बोलायला उठली की तिच्या नवऱ्याकडे पाहून हसणारेही आपल्यातच असतात. आणि खरे सांगायचे तर एखादी भगिनी पुढे आली की ‘फार पुढे-पुढे करते’ असे म्हणणाऱ्यांत भगिनीही असतात.

येत्या आठवड्यात तीन साध्या गोष्टी करून पाहू या. पहिली, घरात मुलगा रडला तर ‘मुलीसारखा काय रडतोस’ असे म्हणायचे नाही. दुसरी, समूहाच्या सभेत चहाचे कप उचलण्याचे काम पुरुषांनी आणि सभेचे इतिवृत्त, हिशेब व अध्यक्षपद यांपैकी निदान एक काम भगिनींनी घ्यायचे. तिसरी, मतदानाची वेळ येईल तेव्हा उमेदवार बाई असो वा पुरुष, प्रश्न एकच विचारायचा: पाणी, कचरा, शाळा, दवाखाना यांसाठी काय केले आणि काय करणार? आणि निवडून आलेल्या बाईंना भेटायला जाऊ तेव्हा ‘साहेब कोठे आहेत?’ असे न विचारता अर्ज त्यांच्याच हातात द्यायचा.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या बोलण्यात स्त्रीपणाचा कमीपणा दाखवणारे कोणते शब्द व म्हणी येतात? त्यांऐवजी काय म्हणता येईल?

2. एकच वागणूक पुरुषाने केली तर गुण आणि स्त्रीने केली तर दोष, असे आपण कधी मानले आहे काय? एक उदाहरण सांगा.

3. शास्ते 4:4-9 आणि 1 थेस्सलनीकाकर 2:7-12 हे उतारे मोठ्याने वाचा. दबोरा, बाराक आणि पौल यांच्यापैकी कोणाचा गुण आपल्या समूहाच्या पुढाऱ्यांना अधिक हवा आहे?

4. आपल्या समूहात पुढे येण्याची पात्रता असूनही मागे राहिलेली भगिनी कोण? तिला कोण आणि कधी विचारणार?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस आणि पुनरुत्थानाची वार्ता एका स्त्रीच्या हाती दिलीस. आमच्या शहराच्या सभागृहात बसणाऱ्या सर्व बंधु-भगिनींना न्यायबुद्धी दे. आमच्या जिभेवरचा उपहास काढून टाक. आमच्या मुलांना योसेफाची स्थिरता आणि आमच्या मुलींना दबोरेचे धैर्य दे आणि मुलांना दबोरेचे व मुलींना योसेफाचेही दे. आमच्यामध्ये जो कोणी किंवा जी कोणी पुढे होईल, तिने व त्याने सेवक म्हणूनच पुढे व्हावे, अशी कृपा कर. आमेन.